मावळातील बालकाचे पहिले अन्न : काही शब्दांचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, लोणावळ्याच्या घाटमाथ्यापासून वडगाव-तळेगावपर्यंत पसरलेला मावळ तालुका हा भाताचा मुलूख होय. इंद्रायणी, आंध्रा व पवना यांच्या खोऱ्यांतील खाचरांत भात आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी, अशी येथील पिकांची जुनी वाटणी आहे. आईच्या दुधाखेरीज मूल जे पहिले अन्न तोंडात घेते तेही साहजिकच या दोन जमिनींतून येते. त्या अन्नाविषयीचे शब्द मात्र केवळ या खोऱ्यांचे नाहीत. मराठीच्या इतर बोलींतही ते थोड्याफार फरकाने आढळतात. त्यांची चौकशी केली असता, मुलाला केव्हा व काय भरवावे यासंबंधीच्या निरनिराळ्या काळांतील समजुती त्यांत एकावर एक साचलेल्या दिसतात.

विधीचे संस्कृत नाव अन्नप्राशन. गृह्यसूत्रांनी त्यास सहावा महिना नेमून दिला असून मनुस्मृतीतही तोच सांगितला आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात दही, मध व तूप मिसळलेले अन्न सांगितले आहे; शिवाय पुष्टीसाठी बोकडाचे व ब्रह्मवर्चसासाठी तित्तिराचे मांस असे काम्य पर्यायही दिले आहेत. (यांपैकी मध हा एक वर्षाच्या आत मुळीच देऊ नये, असे आजचे वैद्यक बजावते, त्यातून होऊ शकणारी विषबाधा अर्भकाच्या जिवावर बेतते.) सुश्रुताने सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न द्यावे असे म्हटले आहे. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्यात अन्न असा क्रम आहे. धर्मशास्त्र व वैद्यक यांचे सहाव्या महिन्याच्या उंबरठ्यावर असे बव्हंशी एकमत असले, तरी पुढील महिन्यांविषयी धर्मशास्त्र मौन बाळगते. त्यास दिवस हवा असतो. वैद्यकास क्रम हवा असतो.

मराठीने या विधीस दिलेले नाव निराळ्याच दृष्टीचे आहे. 'उष्टावण' हा शब्द 'उष्टे' वरून, आणि 'उष्टे' हा संस्कृत 'उच्छिष्ट' वरून आलेला आहे. मूल काय खाते यापेक्षा मुलाचे तोंड अन्नास प्रथमच लागते, यावर हा शब्द बोट ठेवतो. आजवर केवळ अंगावर पिणारे मूल त्या दिवशी उष्ट्या-खरकट्याच्या, म्हणजे घरातील पंक्तीच्या व्यवहारात येते. मामाच्या मांडीवर बसवून सोन्याच्या अंगठीने किंवा चांदीच्या नाण्याने खीर चाटवावयाची, मुलास सम महिना व मुलीस विषम महिना पाहावयाचा, हा सारा थाट त्या प्रवेशाचा आहे. मात्र अंगठीवर राहील तेवढ्या खिरीने पोट भरत नाही. उष्टावण झाले म्हणून मूल जेवू लागले, असा समज करून घेणे घातक ठरते.

या ठिकाणी दुसरा, दिसावयास अगदी साधा शब्द अधिक मोलाचा आहे. तो म्हणजे 'वरचे'. घरातील वडील बाया 'बाळाला वरचे सुरू केले का?' असे विचारतात. 'वरचे दूध' म्हणजे आईच्या दुधाखेरीज दिलेले गाईचे वा म्हशीचे दूध, आणि 'वरचे अन्न' म्हणजे त्या दुधावर आणखी दिलेले अन्न. आईचे दूध बंद करण्यास मराठीत 'दूध तोडणे' असा सर्वस्वी निराळा प्रयोग आहे. म्हणजे आरंभास एक शब्द आणि शेवटास दुसरा. मधले दीड-दोन वर्षांचे अंतर भाषेने मोकळे ठेवले आहे. इंग्रजीतील 'वीनिंग' या शब्दाची स्थिती याच्या उलट आहे. त्याचा मूळ अर्थ 'सवय लावणे' असा होता. पुढे तो 'दुधापासून तोडणे' असा झाला, आणि पहिल्या घासाचे अन्नही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. घन अन्न आले की स्तनपान संपले, असा भ्रम त्यातून होऊ शकतो, म्हणून आंतरराष्ट्रीय आरोग्यसंस्थांनी तो शब्द सोडून 'पूरक' या अर्थाचा शब्द स्वीकारला. सहा महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर अन्न, आणि त्यासोबत दोन वर्षे वा अधिक काळ स्तनपान, ही शिफारस जागतिक आरोग्य परिषदेने 2001 मध्ये मान्य केली. 'वरचे' या शब्दात ही कल्पना आधीपासूनच होती.

असे असता सरकारी मराठीने हा शब्द बाजूस ठेवून 'पूरक आहार' असे भाषांतर केले, याचे थोडे नवल वाटते. 1975 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडीच्या शिध्यास 'पूरक पोषण आहार' म्हणतात. इंग्रजीत निराळे असलेले दोन शब्द मराठीत एकाच 'पूरक' मध्ये मिसळले. 'पूरक आहार सुरू करा' हे ऐकून आईच्या डोळ्यांपुढे अंगणवाडीचे पाकीट उभे राहिले, तर दोष तिच्याकडे जात नाही. हा प्रश्न निव्वळ शब्दांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांपैकी 45.9 टक्क्यांनाच आईच्या दुधासोबत घन वा अर्धघन अन्न मिळत असल्याचे आढळले.

तिसरा शब्द 'पेज'. संस्कृत 'पेया', प्राकृत 'पेज्जा' आणि मराठी 'पेज' ही परंपरा स्पष्ट आहे. पेज म्हणजे प्यावयाची वस्तू. 'घास' हा मात्र 'ग्रास' पासून आलेला, गिळावयाचा. या दोहोंमधील पायऱ्यांसाठी मराठीत खिमट, आसट भात, गुरगुट्या भात, मऊ भात असे शब्द आहेत आणि प्रत्येकाचा दाटपणा निराळा आहे. आहारशास्त्राचा आग्रह नेमका या पायऱ्यांविषयी आहे. बाळाचे पोट लहान असते. सहा ते आठ महिन्यांत अन्नातून त्यास दिवसाकाठी सुमारे 200 उष्मांक हवे असतात. केवळ पातळ पेजेवर ठेवलेल्या मुलाचे पोट भरते, परंतु ते पाण्याने. आणि आईच्या दुधात जे लोह अत्यल्प असते, तेही त्यातून पुरेसे मिळत नाही. लावणीच्या दिवसांत आई खाचरात आणि मूल आजीपाशी, अशा घरी पेज सोयीची पडते हे खरे. म्हणूनच पेजेवरून आसट भाताकडे, त्यात डाळ व तूप घालून, वेळेवर सरकणे अगत्याचे असते.

नाचणीच्या बाबतीत लोकव्यवहार याहून चतुर आहे. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की तिच्या पिठाची लापशी कमी चिकट होते आणि तेवढ्याच पातळपणात अधिक धान्य मावते. मोड येताना उत्पन्न होणारा अमायलेज हा पाचक घटक पिष्ट फोडतो, हे त्याचे कारण. 1980 नंतरच्या दशकात बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात मोडाच्या धान्याच्या पिठाचा हाच गुण प्रयोगाने अभ्यासला गेला. नाचणीत 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ही आणखी जमेची बाजू. मात्र कापडातून गाळून केलेल्या पांढऱ्या सत्त्वात कोंड्याबरोबर बरेच काही निघून जाते. 'सत्त्व' हे नाव तेथे पुरते सार्थ नाही.

बालकाशी बोलावयाच्या भाषेतही या संक्रमणाची खूण आहे. अशोक केळकर यांनी 1964 मध्ये मराठी शिशुभाषेवर लेख प्रसिद्ध केला. चार्ल्स फर्ग्युसन यांच्या त्याच वर्षीच्या सहा भाषांच्या तौलनिक अभ्यासात मराठीचा अंतर्भाव आहे. या भाषेत 'दुदू' दुधासाठी व 'मंमं' जेवणासाठी असे दोन शब्द शेजारी नांदतात. दुसरा आला म्हणून पहिला जात नाही.

भाताच्या वाणातही पालट झाला आहे. पेजेसाठी नावाजलेला सुवासिक आंबेमोहोर या भागात पूर्वीपासूनचा. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून आंबेमोहोर 157 व आय.आर. 8 यांच्या संकरातून निघालेले 'इंद्रायणी' हे वाण 1987 मध्ये प्रसारित झाले, आणि आज अनेक घरांत बाळाचा भात त्याचाच असतो. हा भात शिजल्यावर चिकट होतो. चमच्याच्या पाठीने दाबला की त्याचा पेजेपेक्षा घासच अधिक सहज होतो.