दिवसाला पंधरा किलोमीटर

12 जुलै 2001 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून उडालेल्या एरियन-5 रॉकेटचा वरचा टप्पा कमी पडला. युरोपीय अंतराळ संस्थेचा आर्टेमिस हा दळणवळण उपग्रह अशा कक्षेत सुटला, की तिचे दूरचे टोकही पृथ्वीपासून जेमतेम साडेसतरा हजार किलोमीटरवर होते. गाठायची होती ती सुमारे 36 हजार किलोमीटरवरची भूस्थिर कक्षा.

रासायनिक इंजिनाने त्याला 31 हजार किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेत नेले, पण त्यात बहुतेक इंधन खर्ची पडले. उरलेल्या चढणीसाठी हाताशी होती फक्त झेनॉनवर चालणारी आयन इंजिने. त्यांचा जोर 15 मिलिन्यूटन, म्हणजे दीड ग्रॅम वजनाचा तळहातावर पडणारा भार. त्यातून ती बसवली होती भलत्याच कामासाठी. कक्षा उत्तर-दक्षिण कलू नये म्हणून त्यांचा झोत कक्षेच्या प्रतलाशी काटकोन करून सोडला होता.

एवढ्याशा जोराचे गणित मात्र चाळीस वर्षांपूर्वीच मांडून झाले होते.

वॉल्टर होमान या जर्मन अभियंत्याने 1925 मध्ये सुचवलेला कक्षाबदल दोन मोठ्या धक्क्यांचा होता. 1961 मध्ये अमेरिकेतल्या थिओडोर एडलबॉम यांनी मंद पण अखंड जोराचा हिशेब केला. इंजिन सतत पुढे रेटत राहिले की उपग्रह वेढ्यामागून वेढे घेत वर सरकतो आणि गंमत अशी, की वर जाता जाता त्याचा वेग घटतो. प्रतल तेच असेल, तर लागणारा एकूण वेगबदल म्हणजे दोन्ही कक्षांतल्या वेगांची वजाबाकी. इतके सुटसुटीत उत्तर या शास्त्रात क्वचितच मिळते. आर्टेमिससाठी ते सेकंदाला सुमारे 190 मीटर येते. आयनांचा झोत रासायनिक इंजिनाच्या जवळपास दहापट वेगवान असल्याने हे काम थोडक्या झेनॉनमध्ये भागते. लागतो तो वेळ.

झोत मार्गाच्या दिशेत आणायचा, तर उपग्रहच नव्वद अंशांत वळवायला हवा होता. त्या स्थितीत तो सांभाळण्यासाठी त्याच्या नियंत्रण सॉफ्टवेअरचा सुमारे पाचवा भाग नव्याने लिहून जमिनीवरून चढवला गेला. खरा पराक्रम तो! फेब्रुवारी 2002 मध्ये चढण सुरू झाली, दिवसाला सरासरी 15 किलोमीटर. 31 जानेवारी 2003 रोजी आर्टेमिस ठरल्या जागी पोचला आणि पुढे 2017 पर्यंत टिकला.

त्याच 2003 च्या सप्टेंबरात युरोपचे स्मार्ट-1 यान कुरूहूनच निघाले. मंद जोराची वाट त्याने आपणहून निवडली होती. तेरा महिन्यांहून अधिक काळ वेढे घेत ते नोव्हेंबर 2004 मध्ये चंद्राच्या कक्षेत शिरले.