हद्दपार लाकूड शहरात परत येतं तेव्हा

पुण्याचा शनिवारवाडा पाहिला असेल, तर आतली दगडी जोती आठवतील. वरचे मजले सागवानी होते. १८२८च्या आगीत ते गेले. जोती, तट आणि दरवाजे तेवढे उरले. लाकूड आणि आग यांचं हे नातं जगभर लोकांनी भोगलंय. आज आम्ही सांगणार आहोत ती स्वीडनची हकिकत. तिथे उंच घरांमधून लाकूड हद्दपार झालं आणि शंभरहून जास्त वर्षांनी परत आलं.

दिवस होता २५ जून १८८८. कोरडी हवा, सोसाट्याचा वारा. त्या एका दिवशी उत्तरेकडची दोन शहरं जळाली, सुंड्सवाल आणि उमिओ. दोन्हींमध्ये दोनशेहून जास्त किलोमीटरचं अंतर, म्हणजे एकीची ठिणगी दुसरीवर पडली असंही नाही. सुंड्सवालला 'सेलोंगर' नावाच्या आगबोटीच्या धुराड्यातून ठिणगी उडाली असं मानतात. सुमारे ९ हजार माणसं उघड्यावर आली. चूल, अंथरूण, लेकरांचे कपडे, सगळं एका दिवसात गेलं.

सुंड्सवाल लाकडाच्या गिरण्यांवर श्रीमंत झालेलं गाव. त्यानेच शहराचा मध्यभाग पुन्हा बांधताना वीट आणि दगड निवडला. त्या भागाला आजही 'दगडी शहर' म्हणतात. उमिओने रस्ते रुंद केले आणि कडेला बर्चची झाडं लावली, आग एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उडी मारू नये म्हणून. आग अडवायला झाडंच कामाला लावली, हे आम्हाला फार आवडलं.

शहरात दुमजलीहून उंच लाकडी घर बांधायला तिथे १८७४पासूनच मनाई होती. या आगींनंतर त्यावर वाद घालणार कोण? पण कामगारांना स्वस्त घरं तर हवी होती. मग गॉथेनबर्ग शहराने युक्ती काढली. खालचा मजला विटांचा, वरचे दोन लाकडाचे. म्हणजे घर तीन मजली, पण लाकूड दोनच मजले! एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्यात अख्खी कुटुंबं राहिली. त्यातली कितीतरी घरं अजून उभी आहेत.

मनाई उठली १९९४मध्ये. नवा नियम 'घर कशाचं' हे विचारत नाही. आगीत किती वेळ टिकेल, ते सिद्ध करा म्हणतो. त्याच सुमाराला ऑस्ट्रिया-जर्मनीकडे नव्या तऱ्हेचं लाकूड तयार होऊ लागलं होतं. फळ्यांचा एक थर उभा, त्यावर एक आडवा, पुन्हा उभा, असे थर चिकटवून अख्खी भिंत किंवा अख्खी लादी करायची. प्लायवूडचा थोरला भाऊच म्हणा ना.

पण ते जळणार नाही का? जळेल. मात्र चुलीतल्या काटक्या भुर्रकन जातात आणि ओंडका रात्रभर धुमसतो, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं? जाड लाकडाचा वरचा थर कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला धग लागू देत नाही. मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर, एवढ्या गतीने ते आत जळत जातं. तेवढा हिशोब धरून जाडी आधीच वाढवतात.

दक्षिणेकडचं वेक्श्यो शहर १८४३मध्ये जळालं होतं. तिथे २००९पर्यंत आठ-आठ मजल्यांच्या चार इमारती उभ्या राहिल्या, १३४ घरांच्या. तळमजला काँक्रीटचा, वरचे सात लाकडाचे. काम चालू असताना वर मोठा तंबू ताणला होता, कारण लाकडाची खरी वैरी आगीइतकीच ओल. उत्तरेत शेलेफ्तेओला २०२१मध्ये वीस मजली लाकडी इमारत झाली. त्यातलं सांस्कृतिक केंद्र कादंबरीकार सारा लिडमन यांच्या नावाचं आहे. लेखिकेच्या नावाची एवढी उंच इमारत!

हा सारा खटाटोप कशासाठी? सिमेंट आणि पोलाद बनवताना धूर फार होतो. उलट एका घनमीटर लाकडात झाडाने हवेतून ओढलेला पाऊण टनाच्या आसपास कार्बन वायू अडकून राहतो. पण हा हिशोब जंगल पुन्हा उभं राहिलं तरच जुळतो. वेक्श्योच्याच मुलखात जानेवारी २००५च्या वादळाने कोट्यवधी घनमीटर लाकूड आडवं केलं. त्यात एकाच जातीची, ओळीत लावलेली स्प्रूसची झाडं फार पडली. लाकडी इमारतींचं कौतुक करणाऱ्यांनी हे झाकून ठेवू नये, असं आमचं मत आहे.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याने जंगल वाचावं म्हणून १९९३मध्ये लाकडाचा वापर थांबवला होता. ती बंदी २०२०मध्ये उठली. शेताच्या बांधावर साग लावून ठेवलेल्या कितीतरी मैत्रिणी हे ऐकत असतील. तुमचं लाकूड कोण, काय भावाने आणि कशासाठी विकत घेतं, ते आम्हाला जरूर कळवा.