ग्रामपंचायत क्षेत्रातील होमस्टे (महाराष्ट्र)

ग्रामपंचायत क्षेत्रातील होमस्टे म्हणजे महानगरपालिका, नगरपरिषद व नगरपंचायत यांच्या हद्दीबाहेरील गावांत राहत्या घराच्या खोल्या पर्यटकांना काही दिवसांसाठी भाड्याने देण्याची व्यवस्था होय. महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र अधिनियम नाही. जमीन, कर, पर्यटन, वने आणि परकीय नागरिक यांविषयीचे कायदे व योजना यांतून तिचे नियमन होते.

तिरोडा तालुका

तिरोडा हे गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. शहराचा कारभार नगरपरिषदेकडे असून तालुक्यातील खेड्यांचा कारभार ग्रामपंचायती पाहतात. नागझिरा अभयारण्याची चोरखमारा व मंगेझरी ही प्रवेशद्वारे तिरोड्याच्या बाजूस आहेत. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. त्यामुळे जंगलालगतच्या गावांत पर्यटकांच्या निवासाचा प्रश्न थेट वन्यजीव संरक्षणाशी जोडला गेला.

कर व बांधकाम

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ मध्ये बांधकामावरील नियंत्रणाची, तर कलम १२४ मध्ये करआकारणीची तरतूद आहे. घराची नोंद नमुना ८ मध्ये होते. घरपट्टी ठरविताना इमारतीचा वापर विचारात घेतला जातो. त्यामुळे व्यापारी वापराच्या भागावर अधिक कर पडतो. शेतजमिनीवर निवासी खोल्या बांधावयाच्या असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील अकृषिक वापराच्या तरतुदी पाहाव्या लागतात. गावठाणातील जुने घर आणि शेतातील नवे बांधकाम यांची कायदेशीर स्थिती म्हणूनच भिन्न असते.

पर्यटन नोंदणी

केंद्र शासनाच्या निवास व न्याहारी योजनेत मालकाने त्याच घरात राहणे आवश्यक असून १ ते ६ खोल्या व कमाल १२ खाटांची मर्यादा आहे. घरांचे सुवर्ण व रौप्य असे दोन वर्ग केले जातात. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार शेतकरी पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करू शकतात. मात्र पर्यटन नोंदणी झाली म्हणजे बांधकाम किंवा जमीनवापराची परवानगी मिळाली, असे होत नाही.

वनक्षेत्रालगतचे निर्बंध

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये निघणाऱ्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनांत सामान्यतः संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून १ किलोमीटरच्या आत नवीन व्यापारी हॉटेल व रिसॉर्ट यांना मनाई असते. पर्यावरणपूरक पर्यटनासाठीच्या लहान तात्पुरत्या बांधकामांना अपवाद केला जातो.

मालकाची इतर कर्तव्ये

परकीय पाहुणा मुक्कामी आल्यास २४ तासांच्या आत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास कळवावी लागते. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीमर्यादेखालील मालकाने ऑनलाइन मंचावरून खोली दिली, तर त्या भाड्यावरील कर भरण्याची जबाबदारी मंचावर येते.

परिणाम

एकाच खोलीसाठी ग्रामपंचायत, महसूल, पर्यटन, वन आणि पोलीस अशा वेगवेगळ्या यंत्रणांशी संबंध येऊ शकतो. मोठा व्यावसायिक या कामासाठी सल्लागार नेमू शकतो. एक-दोन खोल्या देणाऱ्या कुटुंबाला ही पूर्तता स्वतःच करावी लागते. गावाला व्यवस्थेतून मिळणारे थेट उत्पन्न मुख्यतः घरपट्टीचे असते. पाणीपुरवठा व घनकचरा यांचा भार मात्र ग्रामपंचायतीवरच पडतो. त्यामुळे ग्रामसभेतील चर्चा व नमुना ८ मधील अचूक नोंद यांना या व्यवस्थेत विशेष महत्त्व आहे.