मुरळीचे लग्न: एका पत्रापासून एका कलमापर्यंत

१/ १९०९ च्या सुमारास पुण्यातून निघणाऱ्या 'सोमवंशीय मित्र' या मासिकात एका मुरळीचे पत्र प्रसिद्ध झाले. लिहिणारीचे नाव शिवूबाई लक्ष्मण जाधव. मुरळ्यांविषयी तोवर सुधारक बोलत होते, सरकार बोलत होते, धर्ममार्तंड बोलत होते. आता एक मुरळी स्वतः बोलली. तिच्या पत्राने पुढे आणलेल्या प्रश्नाची ही हकीकत आहे.

२/ आधी प्रथा समजून घेऊ. मूल होत नाही, झालेले जगत नाही, घरात दुखणे हटत नाही, म्हणून आईबाप खंडोबाला नवस बोलत. मुलगा झाला तर वाघ्या, मुलगी झाली तर मुरळी. जेजुरीला नेऊन मुलीचे देवाशी लग्न लावले जाई. अंगावर भंडारा उधळायचा, गळ्यात कवड्यांची माळ घालायची. लोकभाषेत याला 'मुरळी सोडणे' म्हणत. या 'सोडणे' शब्दातच पुष्कळ काही आले.

३/ देवाशी लग्न झालेल्या मुलीला माणसाशी लग्न करता येत नसे. पोटासाठी जागरणात गाणे-नाचणे होते. पण नवऱ्याचे घर नाही आणि समाजाचे संरक्षणही नाही, अशा स्त्रीकडे गावातील बलदंडांची नजर वळायला वेळ लागत नसे. सौंदत्तीच्या यल्लमाला सोडलेल्या जोगतिणी, दक्षिण कोकण व गोव्यातील भाविणी यांचे विधी आणि स्थान वेगळे असले, तरी विवाहाचे दार त्यांनाही बंदच होते.

४/ सोडल्या जाणाऱ्या मुलींत अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुली फार मोठ्या संख्येने असत. दारिद्र्य, नवस आणि जातीचा उतरंडीचा जाच एकत्र आला की पुढची वाट ठरलेली असे. त्यांतील कित्येकींची ती वाट मुंबईच्या कामाठीपुऱ्यात जाऊन संपे. देवाच्या नावाने सुरू झालेला व्यवहार शेवटी माणसांच्या बाजारात पोहोचत असे.

५/ मग कायदा काय करीत होता? १८६० च्या भारतीय दंड संहितेत ३७२ व ३७३ ही कलमे होती. सोळा वर्षांखालील मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणे, भाड्याने देणे वा विकत घेणे हा गुन्हा होता आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कैद होती. कागदावर ही शिक्षा कडकच म्हटली पाहिजे.

६/ अडचण हेतूची होती. मुलीला देवाला वाहताना बाप म्हणे, मी नवस फेडला. पुजारी म्हणे, मी विधी केला. मूल पाच-सात वर्षांचे. पुढे तिचे काय होणार हे सगळ्या गावाला ठाऊक असे, पण न्यायालयात सिद्ध करणे कठीण. शिवाय १८५७ नंतरचे सरकार धर्माच्या बाबतीत हात आखडूनच वागे.

७/ या सुमारास दोन माणसे या प्रश्नाला भिडली. एक विठ्ठल रामजी शिंदे, ज्यांनी १९०६ मध्ये मुंबईत अस्पृश्यांसाठी मिशन स्थापन केले व मुरळीच्या प्रथेविरुद्ध मोहीम चालवली. दुसरे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे. स्वतः महार समाजात जन्मलेल्या कांबळ्यांनी १९०८ च्या जुलैत 'सोमवंशीय मित्र' सुरू केले.

८/ कांबळ्यांच्या कामाचा रोख लक्षात घेण्याजोगा आहे. सरकारने शिक्षा करावी एवढ्यावर ते थांबले नाहीत. ते आपल्याच समाजाशी बोलले. मुली सोडू नका, हे आईबापांना सांगितले. आणि ज्या सोडल्या गेल्या आहेत त्यांना संसारात मानाने सामावून घ्या, हेही सांगितले. शिवूबाईंचे पत्र हे याच हाकेला आलेले उत्तर होते.

९/ पत्राला उत्तर देणाराही निघाला. चळवळीतील कार्यकर्ते गणपतराव हनमंतराव गायकवाड विवाहाला पुढे आले आणि १९०९ मध्ये त्यांचे व शिवूबाईंचे लग्न झाले. खंडोबाची म्हणवली गेलेली स्त्री उघडपणे एका माणसाची पत्नी झाली. देवाचा कोप होईल या धाकाला दिलेले याहून स्पष्ट उत्तर दुसरे नव्हते.

१०/ आज कोणी विचारील, स्त्रीची सुटका लग्नातच का शोधावी? शंका रास्त आहे. पण त्या काळी लग्नावर बरेच काही अवलंबून होते: घर, वारसा, मुलांना बापाचे नाव. मुरळीचे लग्न बेकायदा ठरले तर तिची मुले अनौरस ठरणार. म्हणजे बंधन एका पिढीचे नव्हते.

११/ दिल्लीत काय चालले होते? १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात माणेकजी दादाभाई, अमरावतीचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर आणि मॅज यांनी अल्पवयीन मुलींच्या संरक्षणासाठी विधेयके मांडली. पुढे सरकारनेही आपले विधेयक आणले. मग १९१४ चे महायुद्ध आले आणि विषय मागे पडला. कोवळ्या मुलींच्या वाट्याला आणखी दहा वर्षांची वाट पाहणे आले.

१२/ संस्थानी मुलुखात मात्र हालचाल झाली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९२० मध्ये अनौरस संतती व जोगतिणी यांच्याविषयीचा कायदा करून वारशाच्या प्रश्नालाच हात घातला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२४ मध्ये दंड संहितेच्या त्याच दोन कलमांतील वय सोळावरून अठरावर नेण्यात आले.

१३/ अखेर १९३४ मध्ये मुंबई प्रांताचा देवदासी संरक्षण कायदा झाला. मुलीला देवाला वाहण्याचा विधी तिच्या संमतीने झाला तरी बेकायदा, असे त्याने ठरवले. आता हेतू सिद्ध करण्याची गरज उरली नाही. विधी हाच गुन्हा झाला. आणि त्याच कायद्यात आणखी एक कलम होते: अशा स्त्रीने केलेला विवाह केवळ ती देवाला वाहिलेली होती म्हणून अवैध ठरणार नाही, आणि त्या विवाहाची संततीही अनौरस ठरणार नाही.

१४/ शिवूबाईंनी लग्न करून दिलेले उत्तर कायद्याच्या भाषेत उतरायला पंचवीस वर्षे लागली. तरीही प्रथा मोडली नाही. १९३६ च्या जूनमध्ये मुंबईत वाघ्ये, मुरळ्या, देवदासी, जोगतिणी यांच्यापुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे जिणे सोडा, हे पुन्हा सांगावे लागले.

१५/ त्यानंतरही १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासी निर्मूलन परिषद भरवावी लागली. कर्नाटकाने १९८२ मध्ये आपला कायदा केला. महाराष्ट्राने १९३४ च्या कायद्याच्या जागी २००५ चा निर्मूलन अधिनियम आणला. चळवळीच्या मागण्यांत मात्र आता शिक्षेबरोबर निवृत्तिवेतन, घरकुल आणि शाळेच्या दाखल्यावरील बापाच्या नावाचा प्रश्न होता.

१६/ विधी थांबवायला पोलीस पुरतो. ज्यांच्यावर तो होऊन गेला, त्यांना घर, नाव आणि भाकर द्यायला समाज लागतो. शिवूबाईंच्या पत्राला १९०९ मध्ये एका माणसाने उत्तर दिले. नंतरच्या स्त्रियांपैकी फार थोड्यांना तेही मिळाले.