लग्नाच्या जेवणाचा हिशेब : ताटाच्या भावाआधी ताटांचा आकडा पक्का करा

पारशिवनी : तुळशीचं लगीन आटोपलं की तालुक्यात मुहूर्त सुरू होतात. कन्हान असो, साटक असो की नवेगाव खैरी, मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : "जेवणाचं किती लागन?" बरेच जण केटररला ताटाचा भाव विचारतात, दहा-वीस रुपये कमी करून घेतात आणि ॲडव्हान्स देऊन मोकळे होतात. पण बिल फुगतं ते बहुतेक वेळा भावामुळे नाही, ताटांच्या आकड्यामुळे. म्हणून हिशेब कसा करायचा, ते क्रमानं पाहू. इथे दिलेले भाव उदाहरणासाठी आहेत. तुमच्या वेळचा बाजारभाव टाकून हाच हिशेब पुन्हा करा.

१. आधी माणसं मोजा, पत्रिका नाही

तीनशे पत्रिका छापल्या म्हणजे तीनशे माणसं नव्हेत. गावात कुणाला चूलबंद आवतण असतं, म्हणजे घरचे सगळे येणार. कुणाला घरातल्या एकाच माणसाचं आवतण असतं. वहीत घरागणिक नावं लिहा आणि पुढे माणसं मांडा.

उदाहरण :
– चूलबंद आवतणाची ५० घरं, घरी सरासरी ४ माणसं : २००
– एका माणसाचं आवतण, ५० घरं : ५०
– बाहेरगावचे नातेवाईक : ७५
– वऱ्हाड : १००
– बँडवाले, ड्रायव्हर, मंडपवाले, फोटोवाले : २५

बेरीज ४५० झाली. पण गावातले सगळेच येत नाहीत. एकाच मुहूर्तावर दोन-तीन लग्नं असतात, कापूस वेचणी नाही तर धानाची मळणी सुरू असते. आपल्या भावकीतलं मागचं लग्न आठवा. किती जणांना आवतण होतं आणि पत्रावळी किती उठल्या? तिथं १०० पैकी ८० आले असतील, तर गावातले २५० चे २०० धरा. वऱ्हाड, पाहुणे आणि कामाची माणसं मात्र पूर्ण धरा. आकडा आला ४००.

बँडवाले आणि ड्रायव्हर हमखास विसरले जातात. शेवटच्या पंगतीला तेच उपाशी राहतात, नाही तर बिलात 'जादा ताटं' म्हणून येतात.

हा आकडा फक्त मुख्य जेवणाचा. हळदीचं जेवण, वऱ्हाडाचा नाश्ता, रात्रीचं जेवण, प्रत्येकाची माणसं वेगळी असतात. सगळीकडे ४०० धरू नका.

२. सामान आपलं असेल तर किती लागतं

वरण-भात, दोन भाज्या, पुरी, बुंदी आणि मठ्ठा असा साधा बेत असेल, तर १०० माणसांमागे साधारण हा अंदाज धरता येतो :
– तांदूळ १० किलो
– तुरीची दाळ साडेतीन किलो
– कणीक ६ किलो
– भाजी, निवडून-चिरून, प्रत्येकी ९ किलो (दोन भाज्यांची १८)
– बुंदीसाठी बेसन २ किलो, साखर साडेतीन किलो
– तेल, पुरी-बुंदीच्या तळणासकट, साडेचार किलो
– मठ्ठ्यासाठी दही साडेपाच किलो
– पिण्याचं पाणी : २० लिटरचे ५ जार. एप्रिल-मे असेल तर ७-८.

आपल्याकडे भात जास्त खाल्ला जातो. पुरी कमी ठेवली तर तांदूळ १२ किलोपर्यंत न्या. पुरीऐवजी पोळी असेल तर तेल वाचतं, पण पोळ्या लाटायला बाया वाढतात. शेवटची यादी आचाऱ्याला दाखवूनच पक्की करा.

३. ४०० माणसांचा खर्च, उदाहरणादाखल

सामान :
– तांदूळ ४० किलो × ६० = २,४००
– दाळ १४ किलो × १३० = १,८२०
– कणीक २४ किलो × ४० = ९६०
– बेसन ८ किलो × १०० = ८००
– साखर १४ किलो × ४५ = ६३०
– तेल १८ किलो × १५० = २,७००
– भाजी ७२ किलो × ४० = २,८८०
– दही २२ किलो × ७० = १,५४०
– मसाला, मीठ, सांभार, लोणचं, पापड, तूप = ३,०००
सामानाची बेरीज : १६,७३०

बाकीचा खर्च :
– आचारी आणि मदतनीस : ९,०००
– वाढपी ८ × ५०० = ४,०००
– गॅस, १९ किलोची २ सिलिंडरं : ३,८००
– भांड्यांचं भाडं : ३,०००
– पत्रावळी, द्रोण, गिलास ४०० × १० = ४,०००
– पाण्याचे २५ जार × ३० = ७५०
– गाडीभाडं : २,५००
बाकीची बेरीज : २७,०५०

एकूण ४३,७८०. सांडलवंड आणि ऐनवेळच्या खरेदीसाठी ५ टक्के, म्हणजे जवळपास २,२०० वाढवा. साधारण ४६,००० होतात, म्हणजे ताटामागे ११५ रुपये.

यात एक गोष्ट नीट पाहा. सामानापेक्षा बाकीचा खर्च जास्त आहे. माणसं शंभरनं कमी झाली तर तांदूळ-दाळ वाचेल, पण आचारी तोच, भांडी तीच आणि गाडीही तीच. त्यामुळे 'एक भाजी काढून टाकू' म्हणून फार पैसे वाचत नाहीत.

किराणा नागपूरच्या इतवारीतून आणि भाजी कळमन्यातून आणली तर भाव कमी पडतो. मात्र पारशिवनीपर्यंतचं गाडीभाडं आणि एका माणसाचा दिवस त्यात मिळवा, मग तुलना करा. लहान कार्यक्रमाला तालुक्यातलाच दुकानदार परवडतो. न फुटलेली पाकिटं परत घेईल का, हे त्याला आधीच विचारून ठेवा.

४. केटररला दिलं तर

समजा हाच बेत केटरर १६० रुपये ताटानं देतो. ४०० चे ६४,००० झाले. आपल्या हिशेबापेक्षा १८,००० जास्त. हा त्याचा नफा, त्याची जोखीम आणि तुमची वाचलेली धावपळ. घरात राबणारी माणसं नसतील तर ही रक्कम महाग म्हणता येणार नाही.

आता खरी गोम. केटरर 'गॅरंटी' मागतो. गॅरंटी म्हणजे माणसं कमी आली तरी तेवढ्या ताटांचे पैसे द्यायचेच. समजा जेवले ३४०.
– गॅरंटी ४००, भाव घासून १५० केला : ६०,००० द्यावे लागतील.
– गॅरंटी ३५०, भाव १६० च ठेवला : ५६,००० द्यावे लागतील.

भाव कमी करूनही पहिल्या सौद्यात ४,००० जास्त गेले. उलट सगळे ४०० जेवले, तर पहिला सौदा ४,००० नं स्वस्त पडेल. म्हणून आकड्याची खात्री नसेल तेव्हा भावासाठी ताणू नका, गॅरंटी कमी करून घ्या. '३५० ची गॅरंटी, ४०० ची तयारी, जादा ताट त्याच भावात' असं बोला. शेवटचा आकडा कळवायची तारीख लग्नाच्या आठ दिवस आधीची ठेवा.

५. चहा-पाण्याचं वेगळं बोला

'चहा-पाणी आमच्याकडे' एवढ्यावर थांबू नका. चहा किती वेळा, किती कप, जादा कपाचे किती पैसे, हे विचारा. १०० लहान कपांना साधारण ७ लिटर चहा लागतो. त्यात ४ लिटर दूध, २०० ग्रॅम चहापत्ती आणि किलोभर साखर जाते. पाणी जारचं की बाटलीचं, हेही ठरवा. लहान बाटल्या ठेवल्या की अर्ध्या पिऊन टाकल्या जातात. जार आणि गिलास स्वस्त पडतात.

६. कागदावर काय लिहून घ्यायचं

– पदार्थांची नावं आणि प्रत्येक जेवणाची वेळ
– गॅरंटी, तयारी आणि जादा ताटाचा भाव
– लहान मुलांचं ताट : कोणत्या वयापर्यंत फुकट, कोणत्या वयापर्यंत अर्धं
– ताटं मोजायची रीत : सुरुवातीला किती ठेवली, शेवटी किती उरली. दोन्ही वेळा घरचा एक माणूस हजर पाहिजे.
– उरलेलं अन्न कोणाचं
– गॅस, पाणी, वाढपी आणि साफसफाई भावात आहे की वेगळी
– ॲडव्हान्स किती, बाकी कधी, तारीख बदलली तर काय

केटररकडे एफएसएसएआयचा १४ अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक असला पाहिजे. तो कागदावर लिहून घ्या. बिलात जीएसटी लावला तर जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल मागा. केटरिंगला साधारण ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ६४,००० वर ३,२००. नोंदणी नसलेल्याला तो घेता येत नाही. त्यामुळे '१६० मध्ये टॅक्स धरून की सोडून?' हे भाव ठरवतानाच विचारा.

घरगुती लाल सिलिंडर अशा व्यावसायिक कामाला वापरायला मनाई आहे. व्यावसायिक १९ किलोचंच सिलिंडर घ्या.

७. उन्हाळ्यात जपून

मे महिन्यात मांडवात शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त उघडं ठेवू नका. बासुंदी, श्रीखंड, पनीर असे दुधाचे पदार्थ त्या दिवसांत टाळलेलेच बरे. मठ्ठ्यात टाकायचा बर्फ खाण्याचा आहे ना, हे बघून घ्या. मोठ्या पंगतीत कोणी आजारी पडलं तर लगेच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि अन्न फेकून देऊ नका, तपासणीला लागतं.

८. वाद झाला तर

ठरल्यापेक्षा कमी पदार्थ दिले किंवा ॲडव्हान्स बुडवला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो. पुढे नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर तिथं फी लागत नाही. पण हातात कागद पाहिजे. ठरलेल्या गोष्टी निदान व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्याचं 'हो' घ्या. ॲडव्हान्स नगदी देण्यापेक्षा फोन-पे किंवा बँकेतून द्या, नोंद राहते.

तेरवी, बारसं किंवा गावजेवणालाही हाच हिशेब चालतो. तेरवीला आवतणापेक्षा जास्त माणसं येऊ शकतात, म्हणून तिथं गॅरंटी कमी आणि तयारी जास्त ठेवा. कच्चा तांदूळ आणि दाळ १० किलो जादा आणून ठेवली तर वाया जात नाही. पाहुणे वाढले तर आणखी एक गंज चढवता येतो, नाही तर घरच्या कोठीत जाते.