सनद आणि प्याला

गडकऱ्यांचें 'एकच प्याला' 1919 सालीं रंगभूमीवर आलें, आणि तेव्हांपासून सुधाकर हा मद्यप्याचा नमुना म्हणून महाराष्ट्राच्या तोंडीं बसला. परंतु सुधाकराचा धंदा काय होता, इकडे चर्चेंत फारसें लक्ष दिलें जात नाहीं. तो वकील होता. न्यायासनाशीं झालेल्या खटक्यांत त्याची सनद कांहीं काळ काढून घेतली जाते, आणि त्या मानभंगाच्या घटकेस तळीराम त्याला प्याल्याची वाट दाखवितो. पुढें दारू सोडण्याचा निश्चय करून तो काम मागावयास निघतो, तेव्हां प्रतिष्ठित मंडळी त्याला झिडकारतात, आणि तो पुन्हां प्याल्याकडे वळतो. आर्य मदिरा मंडळाचें दार तेवढें त्याला सदा उघडें. हें मंडळ गडकऱ्यांनीं हंशासाठीं घातलें खरें. पण एकाच दशेंतील माणसांच्या संगतीचें सामर्थ्य त्यांनीं पुरतें ओळखलें होतें, असें आम्हांस वाटतें. उलट्या दिशेनें चालणारें मंडळ मात्र त्यांच्या दृष्टीसमोर नव्हतें.

तसें मंडळ पुढें 1935 सालीं अमेरिकेंतील अॅक्रन या गांवीं निघालें. बिल विल्सन हा शेअरबाजारांतला माणूस आणि बॉब स्मिथ हा शस्त्रवैद्य. दोघांचेंही आयुष्य दारूनें पोखरलेलें. विल्सनची दारू सुटून कांहीं महिने झाले होते, पण परगांवीं धंद्यांत अपयश आलें आणि मन पुन्हां डळमळूं लागलें. अशा वेळीं दुसऱ्या मद्यप्याशीं बोलत बसल्यानें आपलाही तोल राहतो, हें त्यानें स्मिथच्या भेटींत अनुभविलें. 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या संस्थेचें बीज एवढेंच. उपदेशक वर आणि पापी खालीं ही जुनी मांडणी तेथें मोडली. सांगणारा व ऐकणारा दोघेही एका पंक्तींतले.

वैमानिकाची अडचण याहून बिकट होती. त्याच्या सनदेचा जीव वैद्यकीय दाखल्यांत असतो. मद्यासक्तीचा रोग एकदां कागदावर आला कीं दाखला गेला, दाखल्यामागें सनद गेली, आणि सनदेबरोबर घराचें भाडें, मुलांचें शिक्षण व गणवेषाची प्रतिष्ठाही गेली. म्हणून तो लपवी. त्याची पत्नी लपवी, आणि शेजारच्या आसनावरील सोबतीही मैत्रीखातर लपवी. झांकलेला आजार प्रवाशांसह आकाशांत हिंडे.

हा पेंच सोडविण्याचा प्रयत्न अमेरिकन वैमानिकांच्या संघटनेनें 1974 सालीं सरकारी पैशाच्या साह्यानें सुरू केला. योजनेचें मूळ नांव लांबलचक असल्यामुळें सारे तिला 'हिम्स' म्हणतात. तिचें मर्म असें कीं, आजारी वैमानिकाची गांठ घ्यावयास प्रथम वैमानिकच जातात, आणि त्यांतले पुष्कळ त्याच रोगांतून उठलेले असतात. डॉक्टरापुढें जो थाप मारतो, त्याला अशा माणसापुढें ती मारतां येत नाहीं. त्या सर्व थापा त्यानें स्वतः मारून पाहिलेल्या असतात! मग रुग्णालयांतील उपचार, त्यानंतर दीर्घ काळ देखरेख, अवचित होणाऱ्या तपासण्या, मानसतज्ज्ञांचे अभिप्राय. हें सारें पार पडलें तर विमानखातें खास अटींवर दाखला देतें. 1975 सालीं सिअॅटल येथें वैमानिकांनीं आपली निराळी बैठकही थाटली. 'बर्ड्स ऑफ अ फेदर', म्हणजे एका पिसांचे पक्षी, हें तिचें नांव. त्या अवस्थेंतही विनोदबुद्धि शाबूत होती, हें लहान लक्षण नव्हे.

तरीही दार उघडें ठेवल्यानें प्रत्येकजण आंत येतोच असें नाहीं. 8 मार्च 1990 रोजीं नॉर्थवेस्ट कंपनीचें विमान फार्गोहून मिनिआपोलिसला 91 प्रवाशांसह सुखरूप उतरलें, आणि त्याच्या तिन्ही चालकांस मद्यप्राशनाच्या आरोपाखालीं अटक झाली. कप्तान लाइल प्राउझ याचे आईबाप दोघेही दारूपायीं गेलेले. योजना चालू होऊन सोळा वर्षें झालीं होतीं. तो मात्र अटकेनंतरच उपचारांस गेला. सोळा महिन्यांची शिक्षा झाली, सर्व सनदा गेल्या. तुरुंगांतून सुटल्यावर त्यानें त्या पहिल्या पायरीपासून पुन्हां मिळविल्या. 1993 सालीं त्याच कंपनीनें त्याला परत घेतलें, आणि 1998 सालीं तो बोइंग 747 चा कप्तान म्हणून निवृत्त झाला. 2001 सालीं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीं त्यास क्षमा दिली. ज्या न्यायाधीशानें शिक्षा ठोठावली, त्यानेंच क्षमेस पाठिंबा दिला होता. येथें शिक्षेंत कसूर झाली नाहीं. सुधाकराला जें मिळालें नाहीं तें एवढेंच, कीं शिक्षेच्या पलीकडे रस्ता होता.

प्रवाशांच्या जिवाशीं हा खेळ नव्हे काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें खेळ लपवालपवींत अधिक आहे. 2015 च्या मार्चमध्यें आजार लपविलेल्या एका सहवैमानिकानें जर्मनविंग्जचें विमान जाणूनबुजून डोंगरावर घातलें व 150 माणसें मेलीं. तो आजार दारूचा नव्हता, मनाचा होता. पण लपविण्याचें कारण तेंच, सनदेचें भय. युरोपनें 2018 सालीं नियम करून वैमानिकांसाठीं साह्य-योजना कंपन्यांवर बंधनकारक केली.

आपल्याकडे सोबत्यानें सोबत्याला उठविण्याची रीत अपरिचित नाहीं. अनिल अवचटांचे गर्दविषयींचे लेख वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनीं एक लाख रुपये पुढें केले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजीं डॉ. अनिता अवचट यांच्या हातून पुण्यास 'मुक्तांगण' उभें राहिलें. तेथें व्यसनांतून सुटलेलीं माणसेंच पुढच्यांचीं समुपदेशक होतात. वैमानिकाला मात्र दारू सोडल्यावर सनदेचाही प्रश्न उरतो.

आम्ही राहतों त्या सीवूड्सहून खाडीपलीकडच्या नव्या विमानतळावर 25 डिसेंबर 2025 पासून विमानें उतरूं लागलीं. आतां हा विषय आमच्या शेजारचा झाला आहे. उड्डाणापूर्वीं बारा तास मद्य वर्ज्य, हा भारतीय नियम जुना आहे. 2015 सालच्या नियमावलींत श्वासपरीक्षेंत प्रथम सांपडल्यास तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षें सनद तहकूब आणि तिसऱ्यांदा कायमची रद्द, अशी चढती भाजणी घातली आहे. 2023 सालीं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें वैमानिकांच्या मनःस्वास्थ्याविषयीं परिपत्रक काढलें, आणि त्यांत सोबती-साह्याचा पुरस्कार केला. दंडाची कलमें सांपडलेल्यासाठीं आहेत. पण जो अजून सांपडलेला नाहीं, ज्याला सकाळीं चहाचा पेला धरतांना स्वतःचा हात थरथरलेला दिसला आणि ज्याचें उड्डाण परवां आहे, त्यानें आज कोणास दूरध्वनि करावा, आणि तो केल्यावर त्याच्या सनदेचें काय होईल, याचें उत्तर त्याला दंडाच्या कलमांत शोधून मिळणार नाहीं.