काळ्या पाषाणातील भेगा आणि विहिरीचे पाणी

एकाच शिवारात एका विहिरीला मे महिन्यातही पाणी असते, तर हाकेच्या अंतरावरील दुसरी विहीर संक्रांतीनंतर तळ दाखवू लागते. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो. फरक असतो तो जमिनीखालच्या खडकातील भेगांचा. महाराष्ट्राच्या चार पंचमांशाहून अधिक भूभागाखाली असलेला बेसाल्ट, म्हणजेच काळा पाषाण, मुळात पाणी धरून ठेवणारा खडक नाही. वरचा मुरूम वगळता त्यात पाणी मुरते आणि साठते ते मुख्यत्वे भेगांमधून.

थरांवर थर
सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हारसाचे प्रवाह वारंवार बाहेर पडले आणि एकावर एक थिजत गेले. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर हे थर आढळतात. सह्याद्रीच्या कड्यांवर ते पायऱ्यांसारखे दिसतात. या खडकाला मिळालेले ‘ट्रॅप’ हे नावही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. अनेक थरांचा खालचा भाग कठीण व एकसंध, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो. या पोकळ्या पुढे बहुधा खनिजांनी भरून जातात. काही ठिकाणी दोन थरांमध्ये लाल मातकट पट्टा सापडतो.

भेग पडते कशी?
लाव्हा निवताना आकुंचन पावतो. मात्र सलग पसरलेल्या थराला आडव्या दिशेने मोकळेपणाने आकसता येत नाही. त्यामुळे आत ताण निर्माण होतो आणि तो खडकाच्या शक्तीपलीकडे गेला की तडा जातो. थराचा वरचा व खालचा पृष्ठभाग आधी थंड होत असल्याने भेगा तेथे सुरू होतात आणि उष्णता ओसरेल तसतशा टप्प्याटप्प्याने आत सरकतात. त्यांच्या जाळ्यातून पाच-सहा बाजूंचे स्तंभ तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी हे अशा स्तंभांचे ठळक उदाहरण होय.

भेग थांबते कोठे?
भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि भेग जितकी लांब, तितकी ती वाढणे सोपे होते. ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेच्या अभ्यासातून हे तत्त्व मांडले. परंतु थरांच्या खडकात भेगेची वाट अडते. टोक मऊ पट्ट्याशी पोहोचले की ताण विखुरतो. मग भेग तेथेच थांबते किंवा दोन थरांच्या सांध्यातून आडवी वळते. थराची जाडीही महत्त्वाची असते. एक भेग पडली की तिच्या आजूबाजूचा ताण सैल होतो आणि हा परिणाम साधारणतः थराच्या जाडीइतक्या अंतरापर्यंत जाणवतो. म्हणूनच स्तरित खडकांत पातळ थरांमध्ये भेगा जवळजवळ, तर जाड थरांमध्ये दूरदूर आढळतात.

पाण्याचा हिशेब
उभ्या भेगा पावसाचे पाणी खाली नेतात, तर आडव्या भेगा व थरांचे सांधे ते दूरवर वाहून नेतात. लाल पट्टा बहुतेक वेळा पाणी अडवतो. डोंगरउतारावर अनेक झरे थरांच्या सांध्याशी फुटतात, ते याच कारणाने. खोल गेल्यावर मात्र वरच्या खडकाच्या भाराने भेगा मिटत जातात. त्यामुळे कूपनलिका जितकी खोल, तितके पाणी अधिक, हा समज बेसाल्टमध्ये अनेकदा खोटा ठरतो. कधी खोलवर पाणी लागले, तरी त्या भेगेला वरून पुनर्भरण नसेल तर ते फार काळ पुरत नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हणून वेगळे मानले आहे.

पाझर तलावालाही हाच नियम लागू पडतो. भेगाळलेल्या खडकावरचा तलाव खालच्या विहिरी भरतो. एकसंध पाषाणावरच्या तलावातील बरेचसे पाणी मात्र उन्हात उडून जाते. म्हणूनच खर्च करण्यापूर्वी जवळची उघडी विहीर, दगडाची खाण किंवा नाल्याचा काठ पाहणे हिताचे ठरते. कोणता थर किती जाड आहे आणि भेगा कोठे थांबतात, हे तेथे उघड्या डोळ्यांनी दिसू शकते.